तुझ्या गावाचं ठेसन

फोन नीट कानाशी धर रे बेटा. लांबूनच हूं हूं करायची तुझी जुनी खोड, ती आज चालणार नाही. मागच्या खेपेला फोनवर म्हणालास, "काकू, आईचं डोकं गेलंय, डॉक्टरला दाखवा," आणि ठेवून दिलास. माझं ऐकायला थांबला नाहीस. तुझ्या आईचं डोकं जाग्यावर आहे. काय झालं ते मला ठाऊक, कारण केलं मीच.

रेडिओचं वेड घरात मलाच, तुला आठवत असेल. शाळा मी पाहिली नाही, आकडे शिकले ते रेडिओच्या काट्यावरून. कापूस वेचून आले की काटा फिरवत बसायची. अरबी लागायचं, चिनी लागायचं, कुठली तरी बाई रशियन बोलायची. शब्द कळायचा नाही, पण इतक्या लांबून आपल्या ओसरीवर आली म्हणून चहा मी तिच्यासमोरच प्यायची. आता नातीनं फोनमध्ये पृथ्वीचा गोळा टाकून दिलाय, त्यावर हिरवे ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या गावचा रेडिओ लागतो.

तुझी आई खाटेवर, डोळेही गेलेले. एका दुपारी म्हणाली, "मन्हा पोऱ्याना गाव लाव ना." मी गोळ्यावर तुझा कॅनडा धुंडाळला, तुझं गाव काही सापडेना. शेवटी दिसला त्या ठिपक्यावर बोट टेकवलं नि म्हटलं, लागलं बाई.

"काय सांगी ऱ्हायना तो?"

"बरफ पडी ऱ्हायना म्हणे."

"मंग मन्हा पोऱ्यानी टोपी घाली व्हई का?"

"घाली व्हई."

त्या दिवशी ती अख्खी भाकर जेवली. मग रोजचंच झालं. बोटाखाली येईल तो ठिपका, आणि बातम्या माझ्या. एकदा नात म्हणाली, आजी, हे तर वाळवंटातलं गाव आहे. तिथंही मी बर्फ पाडून बसले होते.

पण तुझ्या आईची जीभ तुला माहीत आहे. माझा मुलगा तिला रोज उचलून न्हाणीत नेतो. त्याच्याच खांद्यावर मान टाकून त्याला ऐकवायची, "मन्हा पोऱ्याना गावमा रेडिओ शे. तुन्हा गावमा यष्टीबी येळवर येत नई." जसं काही आपलं कळसाडी तिचं गावच नाही. तो हसायचा, मीही हसायची. एक दिवस तो ऊस भरून आला, बोटं चिरलेली, तरी आधी तिला न्हाणीत घेऊन गेला. ती म्हणाली, "कसा खडबडीत हात शेतस तुन्हा. मन्हा पोऱ्या साहेब शे."

तिला परत खाटेवर निजवून तो बाहेर गेला. मी फोन बंद केला, तिच्या कानाशी वाकले आणि सावकाश सांगितलं, "बाई, ते तुन्हा पोऱ्याना गाव नव्हतंच. माले सापडनंच नई. बातम्या मीच बनाड्यात, बरफबी मीच पाडा. आठ महिना व्हयनात, त्याना एक फोन नई."

हे सांगताना मला गोड लागलं. ते तुझ्यापासून लपवत नाही.

तिनं भिंतीकडे तोंड केलं.

पुढं श्रावणात कानबाईच्या नैवेद्याचे रोट आले. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, आणि मोजायचा मान घरातल्या मोठ्या बाईचा. डोळे गेले तरी तो तिच्याकडेच. सूप मांडीवर दिलं. दरसाल पाच जणांचे गहू पडायचे, तुझे सगळ्यांत आधी. यंदा चार जणांचे टाकून तिनं हात झटकले.

मी म्हटलं, "बाई, एक मूठ ऱ्हायनी."

"कोनी?" म्हणाली. कोणाची, असं मला विचारते.

त्यानंतर आठवड्यानं तुझा फोन आला. मी धावत नेऊन तिच्या कानाला लावला. तू "माय, मी बोली ऱ्हायनू" म्हणालास. ती ऐकत राहिली, आणि मला म्हणाली, "आते कोनतं ठेसन लावं? याले आपली बोली बरी येस." तू तेवढंच ऐकलंस आणि डॉक्टरचं बोललास.

तेव्हापासून मी काहीही ऐकवलं तरी ती तेच म्हणते. दारात कोकिळा ओरडली तरी विचारते, ठेसन लावं का. माझ्या हातून आता तिच्यापर्यंत काही खरं पोचत नाही.

म्हणून फोन करू नकोस. तू ये. तुझ्या भुवईवर बैलगाडीतून पडल्याची खूण आहे, ती तिच्या बोटांना पाठ आहे. तिथं मी काही बनवू शकत नाही. शहाद्याच्या स्टँडवर उतर, खडबडीत हातांचा भाऊ घ्यायला येईल. पुढच्या श्रावणाची वाट बघू नकोस रे, लवकर ये.