ड्रॅगनच्या डोक्यावरची आ-थो

आमच्या तैवानातल्या तो-थाऊ गावात सकाळी कधी आलात आणि पोटात कावळे ओरडत असले, तर कुणाला पत्ता विचारू नका. देवळासमोर जिथे स्कूटरी आडव्यातिडव्या लावलेल्या दिसतील तिथे जायचं. तवा तापलेला असतो आणि तव्यामागे आ-थो असते. अंड्याचं धिरडं ती न बघताच उलटते, कारण तिचं सगळं लक्ष गिऱ्हाइकाशी भांडण्यात असतं. ‘पातीचा कांदा नको? मग खाता कशाला? घरी जाऊन पाणी प्या!’ असं ती आमच्या सरपंचालाही म्हणालेली आहे, आणि त्याने कांद्यासकट खाल्लं.

हट्ट तिच्यात जन्मापासूनचा. इतकीशी होती तेव्हाची गोष्ट. आमची ड्रॅगन-होडी वर्षभर देवळामागच्या पडवीत झाकून ठेवलेली असते. त्या काळी बाईमाणसाने तिला हात लावायचा नाही असा नियम. एके दिवशी बघतो तर ही पोरगी ड्रॅगनच्या डोक्यावर घोड्यावर बसावं तशी बसलेली, आणि खाली पुजारीबुवा झाडू घेऊन नाचतायत.

‘उतर खाली! बाईने हात लावला की होडी बुडते!’

‘उतरायचं तर हात लावावाच लागेल, बुवा. मग काय, इथेच राहू?’

बुवा विचारात पडले. मी बाजूलाच सुकाणूला तेल लावत होतो, मला हसू आवरेना. शेवटी बुवांनीच तिला उचलून खाली घेतली. पुढे गावातले तरणे लोक शहरातल्या कारखान्यांकडे गेले, होडीतली बाकं रिकामी पडायला लागली आणि बायका वल्हवायला आल्या. देवाने नियम बदलला की माणसं कमी पडली, ते मला विचारू नका. होडी काही बुडाली नाही.

आ-थो मात्र वल्हं धरायला आलीच नव्हती. तिला डोकंच हवं होतं. आमच्याकडच्या शर्यतीत नुसतं पुढे जाऊन भागत नाही. शेवटी पाण्यात प्रत्येक होडीसाठी एक निशाण रोवलेलं असतं. होडी तिथे पोचायच्या आत एकाने ड्रॅगनच्या डोक्यावर पालथं पडायचं, पाय त्याच्या मानेत अडकवायचे, अंग पाण्यावर झोकायचं आणि निशाण उपटायचं. निशाण हुकलं तर तुम्ही कितीही पुढे असा, होडी मोजतच नाहीत. वीस माणसांचा घाम त्या एका मुठीत. आ-थोची मूठ कधी रिकामी आली नाही. मी मागे सुकाणूवर असतो, मला पुढचे फक्त तिच्या पायांचे तळवे दिसतात. ते तळवे ताठ झाले की मी समजायचो, निशाण आलं.

मग एका वर्षी आम्ही पलीकडच्या काठाच्या गावाकडून वीतभर अंतराने हरलो. देवळाच्या अंगणात जेवणं चालली होती. आमचा होडीतला नगारेवाला तेक-हाय, मनाने चांगला, पण तोंडाला दार नाही. तो म्हणाला, ‘होडीचं नाक यंदा जरा खालीच होतं हो. काय गं आ-थो, धिरडी गिऱ्हाइकांना देतेस की स्वतःच संपवतेस?’

सगळं अंगण हसलं. सगळ्यांत मोठ्याने आ-थो हसली. हातातला वाडगा तिने तसाच खाली ठेवला, तो परत उचलला नाही.

बारीक व्हायला लागली ती. आधी भात गेला, मग रात्रीचं जेवण गेलं. आणि आमचं गाव! बाजारातल्या बाया तिचा दंड चिमटीत धरून म्हणायच्या, ‘अगंबाई, काय सुरेख झालीस! आता बघ, नवरा धावत येईल.’ आ-थो म्हणायची, ‘धावत आला तर त्याला होडीत बसवा, वल्हेकरी कमी आहेत.’ सगळ्या हसायच्या. जितकं कौतुक, तितका घास लहान. मला माझ्या मामाचा बैल आठवतो, त्याला लोक देखणा म्हणायचे म्हणून मामा त्याला कामालाच लावेना, आणि शेवटी तो बैल उभ्या उभ्या... पण ते जाऊ द्या, बैलाची गोष्ट मोठी आहे.

आता गंमत बघा. सगळ्या तैवानात जुनी माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच, ‘जेवलास का?’ उत्तर ठरलेलं, ‘जेवलो.’ आ-थोला तर दुकानात बसून दिवसभर येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा. आणि ती प्रत्येकाला सांगायची, ‘जेवले!’ इतकी माणसं इतक्या वेळा विचारत होती, आणि एकालाही उत्तर ऐकू येत नव्हतं.

दिसत मात्र होतं. तोंडाळ ती पूर्वीही होती, पण तिच्या भांडणात मजा असायची. आता ती खरोखरच चिडायची. एका पोराने जास्तीचं अंडं मागितलं तर उलथनं आपटून आत निघून गेली. सख्ख्या मामेबहिणीच्या लग्नाला गेली नाही, डोकं दुखतं म्हणाली. ऐन उन्हाळ्यात अंगात लोकरीचं जाकीट. आईने तिच्या वाडग्यात मांसाचा तुकडा टाकला तर ‘तुला माझं वाईटच करायचंय’ म्हणून ओरडली. तिची आई आमच्या ओट्यावर येऊन रडली. ‘मी काय विष घातलं का हो?’

त्याच दिवसांत देवळातलं कुत्रं जाड व्हायला लागलं.

ओबाक त्याचं नाव. काळं, आळशी, देवळाच्या पायरीवर झोपणारं. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, जिला सगळं गाव आमा, आजी, म्हणतं (आणि मला आकोंग, आजोबा), ती त्याला उरलंसुरलं घालायची. कुत्र्यांना सुया टोचायला डॉक्टर आला, तो ओबाकला उचलायला गेला आणि कमरेला हात लावून खाली बसला. ‘आमा, याला काय चारता? हे कुत्रं आहे की डुक्कर? खाणं निम्मं करा.’

म्हातारीने निम्मं केलं. कुत्रं आणखी फुगलं. तिने बंदच केलं. कुत्रं पायऱ्या चढेना झालं. सगळं गाव म्हातारीला हसायला लागलं, ‘आमा, लपूनछपून घालताय ना?’ म्हातारी भडकली. आमच्या घरात तिच्यावर खोटा आळ यावा आणि तिने गप्प बसावं असं पन्नास वर्षांत झालेलं नाही.

तेवढ्यात सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी आ-थोची मूठ निशाणावर पडली, निशाण हललं आणि निसटलं. बोटं मिटलीच नाहीत. ती तशीच पुढे पाण्यात गेली. वर ओढून घेतली तेव्हा दातावर दात आपटत होते. तेक-हाय म्हणाला, ‘माझी भाची सुटीला आलीय. काडीसारखी हलकी आहे. यंदा तिला डोक्यावर घालू या का?’

‘मी अजून जड आहे, तेवढंच झालंय,’ आ-थो म्हणाली. ‘शर्यतीपर्यंत आणखी उतरते.’

मी तिच्याकडे बघत होतो. जाकिटातून पाणी गळत होतं आणि आत माणूस कुठे आहे ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची म्हातारी कुत्र्याच्या मागे निघाली. ओबाक पुढे, डुलत डुलत, आणि मागे छत्री घेऊन म्हातारी. आणि म्हातारीच्या मागे मी, कारण असला तमाशा कोण चुकवणार? कुत्रं देवळाला वळसा घालून होडीच्या पडवीत शिरलं. तिथे आ-थो जमिनीवर बसली होती. आईने दिलेला डबा मांडीवर उघडा. भात, तळलेला मासा, अंडं. ती एकेक घास हातात घेत होती, वास घेत होती, आणि कुत्र्याला घालत होती. किती सावकाश! देवाला नैवेद्य दाखवावा तसं.

माझं हसू तिथल्या तिथे जिरलं.

म्हातारी तिच्या शेजारी होडीला टेकून बसली. ‘जेवलीस का?’

‘जेवले, आमा.’

‘मी तुला विचारतेय. कुत्र्याला नाही.’

आ-थोने हातातला घास परत डब्यात ठेवला. मग म्हणाली, ‘नाही.’ पुढचं मग आपोआप बाहेर आलं. ‘काल नाही, परवाही धड नाही. आमा, तव्यावर पहाटेपासून मी दुसऱ्यांसाठी भाजते आणि डोक्यात दुसरं काही नसतं. फक्त खाणं. कुणी समोर खाताना दिसलं की त्याचा राग येतो. आईचा तर इतका राग येतो की मला माझीच भीती वाटते. लग्नाला गेले नाही, कारण बारा पदार्थांपुढे बसून काय करणार? मला वाटलं होतं शर्यत झाली की खाईन. आता मला माहीत आहे, शर्यत झाली तरी मी खाणार नाही. मला येतच नाहीये.’

‘मग होडी सोडतेस?’

‘नाही!’ ती इतक्या जोरात ओरडली की ओबाक उठून बसला. ‘डोकं माझं आहे.’

‘मग पुढचं निशाण कशाने उपटणार आहेस? वास घेऊन?’

आमच्या म्हातारीला गोड बोलता येत नाही. पण तिने त्याच संध्याकाळी आ-थोला स्कूटरवर मागे बसवून आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की हे नुसतं लाडाने किंवा दटावून सुटणारं नाही, हा आजाराचाच एक प्रकार आहे, दर आठवड्याला यायचं आणि मध्ये एकटीने जेवायचं नाही.

म्हणून दुकानाची गर्दी ओसरली की ती आमच्याकडे यायची. रताळ्याची पेज, एक वाडगा. तुम्हाला वाटेल आता रडली, मोकळी झाली, जेवायला लागली. छे! पहिल्या दिवशी ती वाडग्याकडे असं बघत बसली, जशी काही पेज आधी बोलणार आहे. दुपार झाली. मी माझ्या सगळ्या गोष्टी सांगून संपवल्या, मामाच्या बैलाचीही सांगितली. ती म्हणाली, ‘आकोंग, तुम्ही गप्प बसलात तर मी खाते.’ मी गप्प बसलो. यावरूनच ओळखा मला तिची किती काळजी होती. अर्धा वाडगा गेला. एके दिवशी तिने वाडगा ढकलून दिला आणि निघून गेली. म्हातारीने पेज पुसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडली. आ-थो पुन्हा आली. मान खाली घालून, लढाईला निघाल्यासारखी, पण आली. आठवड्यांमागून आठवडे ती अशी आली. आईशी बोलायला लागली. आईला सांगितलं, ‘वाडग्यात तू टाकू नकोस, मी माझं घेईन. पण शेजारी बस.’

निशाण दोनदा आलं, एकदा हुकलं, मग येत राहिलं. तेक-हायची भाची काठावर तयार उभी असायचीच. एका सरावानंतर होडी काठाला लागली, आणि कुणी उतरायच्या आत आ-थो सगळ्यांसमोर उभी राहिली.

‘डोकं मी सोडणार नाही. आणि जेवणही यापुढे सोडणार नाही. त्यामुळे नाक थोडं खाली जाईल. ज्याला ते चालत नसेल त्याने आत्ता बोलावं. पण आजपासून या होडीत कुणाचंही वजन काढायचं नाही. थट्टेतसुद्धा.’

मागच्या बाकावरून एक जण ओरडला, ‘मग तेक-हायचंच काढू की! ते धूड पुढेच तर बसतं!’

सगळे खो खो हसले. तेक-हाय पार कानापर्यंत लाल झाला. त्याने आपलं पोट आत ओढून घेतलं. मी आजवर त्याला तसं करताना कधी बघितलं नव्हतं.

‘त्याचंही नाही,’ आ-थो म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं. ‘आत्ताच काय सांगितलं मी?’

 तेक-हाय उठला आणि आपला नगारा ओढत एक बाक मागे घेऊन गेला, म्हणजे नाक तेवढंच वर राहील.

ड्रॅगन-होडीच्या सणाच्या दिवशी नदी नुसती माणसांनी फुलली होती. आम्ही शेवटच्या फेरीपर्यंत पोचलो, आणि समोर तेच पलीकडच्या काठाचं गाव. नगारा वाजला, वल्ही पाण्यात गेली. मी सुकाणू धरून पुढे बघतोय, तिचे तळवे बघतोय. ताठ! निशाण तिच्या हातात होतं, काठी वरपासून खालपर्यंत पाण्याने निथळत होती. पण पलीकडच्यांनी त्यांचं आधी उपटलं होतं, आम्ही हरलो. वीतभर अंतराने.

होडी काठाला लागली. आ-थो डोक्यावरून उतरली. निशाण एका हातात, दुसरा हात पोट चाचपत. तो हात मी पाहिला, म्हातारीनेही पाहिला.

अंगणात टेबलं मांडलेली. बांबूच्या पानांत बांधलेले चांग वाफाळत होते. चिकट भात, आत डुकराचं मांस, मीठ मुरवलेल्या अंड्याचा बलक. माणसं बसली, पण पानं सोडायचा धीर कुणाला होईना. आ-थो टेबलापासून लांब उभी.

‘सराव सुरू झाला तेव्हापेक्षा मी जाड आहे,’ ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘आणि आपण हरलो.’

‘हो,’ आमची म्हातारी म्हणाली. ‘चांग घेतेस की साधा भात?’

आ-थो तिच्याकडे बघत राहिली.  ‘उद्या मला जमेलच असं नाही, आमा.’

‘उद्या पेज आहे. आज चांग.’

आ-थोने स्टूल पायाने ओढलं आणि बसली. दोरा सोडला, पान उलगडलं आणि मोठा घास घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. घास गिळून ती पलीकडच्या गावाला अशा शिव्या घालायला लागली, की पुजारीबुवांनी देवळाचं दार लोटून घेतलं. दुसरा घास. तिसरा. तिची आई शेजारी नुसती बसून होती, हात मांडीखाली दाबून.

मग आ-थोने रिकामा वाडगा उचलला आणि टेबलावरून थेट तेक-हायपुढे धरला. ‘सूप वाढ. काठोकाठ.’

तेक-हायने काठोकाठ वाढलं. त्याचे ओठ एकदा उघडले, आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला, आणि त्याने ते पुन्हा मिटून घेतले.