पट्ट्यांच्या गाडीला कुठली मोटर?

बाबा वाडीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं की घरात काठीने चाला, पण वाडीत एकट्याने पाऊल टाकायचं नाही, पुन्हा पडलात तर उठणं कठीण. होळी गावात आमच्या घरामागेच वाडी. केळी, अळू, वांग्यांचे वाफे. त्यांचं सगळं आयुष्य तिथे गेलेलं, ते कसले ऐकतायत! मी राहते आचोळ्याला, नोकरी बँकेत. दिवसभर जीव टांगणीला, आज हा माणूस निसटला तर नाही ना?

म्हणून ठरवलं, वाडीच त्यांच्या खुर्चीपर्यंत आणायची. रणगाड्यासारखी रबरी पट्ट्यांवर चालणारी छोटी रोबो-गाडी, तिच्यावर माझा जुना फोन, फोनवर व्हिडिओ कॉल. बाबांनी मागच्या ओट्यावर बसून रिमोटने फिरवायची. सांगाडा आणि पट्टे तयार मिळाले. मोटर आणि गिअरबॉक्स मात्र आपण निवडायचे, आणि तिथेच माझं डोकं भंजाळलं.

दुकानदाराने विचारलं, फेरे किती हवेत? मला काय ठाऊक! जास्त ते चांगलं, असं धरून मिनिटाला तीनशे फेऱ्यांच्या दोन मोटरी आणल्या. घरातल्या फरशीवर गाडी उंदरासारखी पळाली. वाडीतल्या मातीत जरा कण्हली आणि गप्प बसली. मग दुकानदार म्हणतो, ताई, आधी ठरवा वेग पाहिजे की जोर, गिअरबॉक्स वेग कमी करून जोर वाढवतो. अरे, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? गाडीचं वजन, वाडीतला चढ, चाकाचा व्यास, सगळं कागदावर मांडलं. आकड्यांत वीस वर्षं काढलेली बाई मी, पण दर वेळी उत्तर वेगळंच यायचं. कधी वाटायचं साठ फेरे पुरे, कधी वाटायचं साठात गोगलगाय होईल. शेवटी वैतागून साठच्या घेतल्या. गाडी मातीत सरळ छान गेली, घरी फरशीवर वळलीसुद्धा. मी स्वतःवर भलतीच खूश.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाबांनी कॉल लावला आणि मलाही जोडून घेतलं. गाडी वाफ्यांमधून निघाली. अळूवर कीड पडलीय, पाट तुंबलाय, पाणी पुढे जात नाहीये, असं त्यांचं चाललं होतं. कित्येक दिवसांनी आवाजात जीव आला होता. वाफ्याच्या टोकाला त्यांनी गाडी वळवायला घेतली आणि ती जागच्या जागी घुरघुरायला लागली. पट्ट्यांची गाडी वळते ती माती आडवी खरवडत, त्याला सरळ जाण्याहून कितीतरी जास्त जोर लागतो. मी सगळा हिशेब सरळ जाण्याचाच केला होता.

मी म्हटलं, राहू द्या बाबा, रविवारी येऊन काढते. बघते तर त्यांच्या फोनमध्ये रिकामी खुर्ची. गाडीच्या फोनमध्ये नुसतं कुंपण, आणि मागून काठीची टकटक. मी इतक्या जोरात ओरडले की अख्खी शाखा माझ्याकडे बघायला लागली. मग कुंपण हललं, आकाश दिसलं, आणि बाबांचा घामेजलेला चेहरा स्क्रीनभर पसरला.

"बिचारी उन्हात अडकून पडली होती गं बाय," ते म्हणाले.

ते घरात पोचेपर्यंत मी फोन खाली ठेवला नाही. मग त्यांना नको नको ते बोलले. राग आला होता, रडू येत होतं, आणि त्यांचा तो हसरा चेहराही डोळ्यांपुढून जात नव्हता. मला नक्की काय वाटत होतं, देव जाणे. संध्याकाळी जाऊन तीस फेऱ्यांच्या मोटरी घेतल्या, दुप्पट जोराच्या.

रविवारी गेले तर बाबा मागच्या दारात काठी घेऊन उभे, पायांत चपला. गाडी आधीच वाफ्याच्या टोकाला नेऊन अडकवून ठेवलेली.

"नवीन मोटर मिळाली नाही ना?" त्यांनी विचारलं.

मोटरी माझ्या पर्समध्ये होत्या. मी नाही म्हटलं आणि त्यांचा दंड धरला.