दिवा मंद होईपर्यंत

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, छोट्या बॅटरीला कुठला चार्जर घ्यावा?" तुम्हाला हवा तो घ्या. पण आधी एका चार्जरची हकिकत वाचा. ती सांगणारं माझ्याखेरीज आता कोणी उरलेलं नाही.

"बघू कोन अडवतंय!" पदर खोचत असं म्हणणारी एक बाई जामखेडला आमच्या शेजारी राहायची. बहात्तरच्या दुष्काळाआधीचं हे. तिचा नवरा लग्नांत लाउडस्पीकर लावायचा. तो अचानक गेला आणि धंदा तिने हाती घेतला. दिराला ते खपेना.

गावात वीज आली होती, पण आसपासच्या वस्त्यांवर तेव्हा नव्हती. स्पीकर बॅटरीवर चाले. ती चार्ज करून देणारा गावातला एकमेव दुकानदार दिराचा दोस्त. त्याने हात वर केले. दीर ओट्यावर येऊन म्हणाला, "वैनी, एक लगीन चुकू द्या, संच मी उचलतो."

"आधी बॅटरी उचलून बघा. कंबर धरंल."

मग ती बाजारातून जुना ट्रान्सफॉर्मर घेऊन माझ्याकडे आली. "बाई, तुमी साळंत इंग्रजी शिकवता. ह्याच्यावरचं वाचा." मी वाचलं, तिने तारा जोडल्या, नगरहून वीज एकाच दिशेने सोडणारा डायोड मागवून बसवला. बॅटरी उकळायलाच लागली! ॲसिडचे थेंब उडून लुगड्याला भोकं पडली.

दीर हसला, "लुगड्याची चाळण झाली की!"

"झाली तर झाली. तुमाला नेसायचंय का?"

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात मला वाट सापडली: मधे दिवा जोडला की वीज बेताने जाते. तिने जीपचा जुना हेडलाइट आणला. तो लागला, आणि बॅटरी भरत गेली तसा मंद होत गेला. ती समोर मांडी घालून बसली होती. "पोट भरत आलं की कसं गप व्हतंय बघा."

पुढच्याच लग्नाला ती त्याच भोकाभोकांच्या लुगड्यात गेली. बॅटरी कधी बसते याची वाट बघत दीर मांडवाच्या दाराशी उभा. मंगलाष्टका झाल्या, पंगती उठल्या, आवाज खणखणीत. तेव्हा तिने माइक हातात घेतला.

"भावजी, जेवून जावा. संच हितंच ऱ्हानार हाय."

अख्खा मांडव हसला.

तिला जाऊन बरीच वर्षं झाली. कर्णे भंगारात गेले. चार्जर मात्र तिने माझ्या हवाली केला होता. दिवा मी बदलला आहे. बाकी जोडणी तिचीच. काल लावून पाहिला. चालतो.