निखिलच्या आईचा आजार

“अ‍ॅक्यूज्ड कहाँ है?” मॅजिस्ट्रेट मॅडमनी फाइलमधून मान वर न करता विचारलं.

“मॅडम, आउट ऑफ स्टेशन हैं. माताजी सीरियस हैं, पुणे गए हैं.”

हे मी बोललो. ठरवून नाही, सवयीने. ज्याच्याबद्दल बोललो तो माझा अशील निखिल त्या वेळी नोएडातल्या आपल्या ऑफिसात होता आणि त्याची आई पुण्यात ठणठणीत होती.

निखिल हा शरदरावांचा भाचा. शरदराव माझे दिल्लीच्या द्वारकेतले शेजारी, आमच्या मराठी मंडळातले जुने सभासद. भाचा नोकरीसाठी दिल्लीला आला तो त्यांच्याकडेच राहिला. एकदा ऑफिसच्या पार्टीनंतर तो स्वतः गाडी चालवत निघाला. पोलिसांनी बॅरिकेडपाशी थांबवून यंत्रात फुंकायला लावलं. गाडी जप्त, लायसन्स जमा, कोर्टाची तारीख. पहिल्या तारखेला तो माझ्याबरोबर हजर राहिला. शरदराव स्वतःच्या गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, देऊन त्याला जामीन राहिले. जामीन राहणं म्हणजे, हा माणूस बोलावाल तेव्हा येईल, असा शब्द कोर्टाला देणं.

दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी निखिलचा फोन आला. “काका, उद्या क्लायंट येतोय, प्रेझेंटेशन माझंच आहे. पण यायलाच हवं असेल तर येतो.”

“बिल्कुल नको. तू ऑफिसला जा. मी एक्झेम्प्शन टाकतो.”

एक्झेम्प्शन म्हणजे त्या दिवसापुरती गैरहजेरीची परवानगी. ती मागावी लागते आणि मागितली म्हणजे मिळतेच असं नाही. आधीचे साहेब देत असत. या मॅडम नव्या होत्या.

“मेडिकल पेपर दिखाइए.”

“मंगवा लेते हैं, मॅडम.”

“मंगवाइए. तब तक वॉरंट.”

जामीनपात्र वॉरंट निघालं आणि जामीनदाराला नोटीस. अशा वॉरंटमध्ये पोलीस घरी येतात. जामीन देऊन पुढच्या तारखेला येण्याचं कबूल केलं तर अटक टळते. तरीही गेलं नाही तर अजामीनपात्र निघतं, मग सरळ अटक. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस म्हणजे सवडीने भरायचं चलान, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. गैरहजेरीचा गुन्हा मूळ गुन्ह्यापेक्षा जड होऊन बसतो.

हवालदार सोसायटीच्या गेटवर आला, त्याने सगळ्यांसमोर फ्लॅट नंबर विचारला. शरदराव केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, सोसायटीचे माजी सेक्रेटरी. ते मला एवढंच म्हणाले, “जायचं कधी ते सांगा.”

पुढच्या तारखेला आम्ही तिघे उभे राहिलो. मागच्या वेळी मी कोर्टात काय बोललो ते मी दोघांनाही सांगितलं नव्हतं. कोणी विचारेल असं वाटलंच नाही. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

मॅडमनी विचारलं. नोटिशीवर शरदरावांचं नातं वाचून त्या म्हणाल्या, “आप मामा हैं? बहन की तबीयत अब कैसी है?”

“मेरी बहन?” शरदराव गोंधळले. “वो तो एकदम ठीक है, मॅडम. कल ही बात हुई.”

मागे कोणीतरी हसलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि निखिलला विचारलं, “वकील साहब से ये आपने कहा था?”

निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलची पानं उलटू लागलो. तो म्हणाला, “जी.”

त्याने गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा म्हणून दंडावर सुटला असता. दंड झालाच, लायसन्स निलंबित झालं आणि शिवाय कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसण्याची शिक्षा झाली. शरदराव त्याच्यासाठी थांबले नाहीत, मेट्रोने घरी गेले.

संध्याकाळी बाहेर पडल्यावर मी निखिलला विचारलं, “का म्हणालास?”

“लायसन्सचं अजून तुम्हीच बोलणार होतात ना, काका. तुम्हाला खोटं पाडलं असतं तर माझ्या बाजूने कोण बोललं असतं?”

घरी त्याने मामांना खरं ते सांगितलं. त्याच रात्री शरदराव माझ्या दारात. “वकीलसाहेब, तो म्हणतो आजाराचं तुम्हीच सांगितलंत. खरं काय?”

“जाऊ द्या हो, शरदराव. घाबरलाय पोरगा.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. अशा वाक्यांवर मी आयुष्यभर पोट भरलं. निखिल त्याच आठवड्यात नोएडाला पीजीत राहायला गेला. ‘सख्ख्या आईला आजारी पाडणारा मुलगा’ ही गोष्ट मंडळात फिरली. गणपतीत ती माझ्यासमोर सांगितली गेली, तेव्हा मी प्रसादाची वाटी घेऊन दुसरीकडे जाऊन बसलो.

वकिली सोडल्यावर, गेल्या महिन्यात, मी शरदरावांना सगळं सांगितलं.

“म्हणजे त्याने मला खरं सांगितलं होतं.”

“हो.”

“आणि मी त्याला म्हणालो, कोर्टात एक, घरात एक.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मंडळात बोभाटा झाला, तर मंडळाच्या अंकातच लिहा. मला एकट्याला सांगून भागणार नाही.”

म्हणून हे लिहितो आहे.

त्यांनी माझ्यासमोरच निखिलला फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर सुरू होता. शरदरावांनी सांगितलं, ते निखिलने मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“मामा, पण दारू पिऊन गाडी मीच चालवली होती. ती काकांनी नाही चालवली.”

“ते मी तेव्हाच सोडून दिलं होतं रे,” शरदराव म्हणाले. “ताईला आजारी पाडलंस, ते सोडवत नव्हतं.”

शरदरावांनी स्पीकर बंद करून फोन कानाशी नेला आणि मला हाताने जायची खूण केली. मी चपला घालून निघालो.

तारखेला स्वतः हजर राहा. आणि वकील तुमच्या नावाने काय सांगणार आहे, ते त्याला आधी विचारून घ्या.