वेगळा तवा, वेगळी परात

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मला गहू सोसत नाही हे कळलं. पोट कायम बिघडलेलं, हात इतके वाळलेले की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. डॉक्टर म्हणाले, "गहू, रवा, मैदा जन्मभर बंद. ज्वारी, तांदूळ चालेल." ज्वारीची भाकर लहानपणापासूनची, त्यामुळे मला हायसंच वाटलं.

पण दुखणं जाईना. नवऱ्याला पोळी लागायची. आधी त्याच्या पोळ्या, मग त्याच तव्यावर माझी भाकर. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, तव्याला चिकटलेलं पीठही बाधतं. मग तवा वेगळा केला, परात वेगळी केली. तेवढ्यानेही भागेना. आम्ही राहायचो त्या सक्करदऱ्यातल्या चक्कीत गव्हावरच ज्वारी दळत. आधी आमची दळून द्या म्हटलं, तर चक्कीवाल्याने दोनदा ऐकलं आणि नंतर तोंड फिरवलं. शेवटी जरीपटक्याच्या बाजारातून नवं जातं सायकलरिक्षात घालून आणलं.

नवरा कामठीला नोकरीला होता. बसमधून उभ्याने यायचा आणि हातपाय धुऊन जात्याशी माझ्यासमोर बसायचा. एका खुंट्यावर दोघांचे हात, पण आम्हाला खांदे दुखायचे एवढंच कळायचं. घरात त्याने पोळी सोडली होती, बाहेर खायचा. म्हणून तो आला की मी विचारायची, काय खाल्लं? समोसा खाल्ला असेल तर साबणाने तोंड, मिशा धुतल्याशिवाय जवळ येणं नाही. पुढेपुढे तो धुण्याचा कंटाळा करून खाटेच्या दुसऱ्या टोकालाच बसू लागला. दुखण्यापासून लांब बसतो की माझ्यापासून, मला कळेनासं झालं.

एका संध्याकाळी मी विचारलं आणि तो बूट न काढताच उंबऱ्यावर बसला.

"रोज रोज काहून विचारते वं? थकलो मी."

"मीबी थकली," मी म्हटलं. "विचारून विचारून."

मी तांब्याभर पाणी त्याच्यापुढे ठेवलं. मग मीच म्हटलं, "रविवारी तुमच्या बहिणीकडे जेवत जा. पोटभर पोळ्या खा."

"अन् तू?"

"मी झोपीन. एक दिवस मले कोणाले काही विचारायचं नाही."

कित्येक दिवसांत तो पहिल्यांदाच हसला. "मले वाटलं, तुले राग येईल."

नणंदेला आधी वाटलं, भाऊ रुसून आला. मग तिलाही सवय झाली. रविवारी दुपारी मी खरंच झोपायची, दार लावून, निवांत. तो परतला की सरळ नळावर जायचा, सदरा बदलायचा आणि मी काही म्हणायच्या आत म्हणायचा, "झालं धुऊन." हळूहळू इतर दिवशीही तसंच करू लागला.

थकवा गेला असं मी म्हणणार नाही. दळण होतंच, सणावारी लोकांना समजावणंही होतं. पण माझं अंग भरू लागलं, आणि तो येऊन खाटेवर माझ्या शेजारी टेकून बसायचा.