सालीवर राबणारे कारागीर

शिंपीमामांचं एक खूळ होतं. सफरचंद असो की काकडी, सोलल्याशिवाय तोंडात घालायचे नाहीत. पुढे आतड्याला सूज आली, मशीनवर बैठक जमेना, दुकान बंद पडायची वेळ आली.

प्रयोगशाळेत काम करणारी भाची म्हणाली, "मामा, औषधाबरोबर सालीही खा. आतड्यातले जंतू त्यांवर जगतात आणि एक आम्ल बनवतात. पेशीत जनुकांचा धागा रिळावर घट्ट गुंडाळलेला असतो. आम्लामुळे तो सैलावतो, मग सूज आवरणारी जनुकं कामाला लागतात."

"म्हणजे एवढे कारागीर पदरी ठेवून मी त्यांना उपाशी मारतोय?"

"आणि वर कामाची अपेक्षा!" मामींनी टोमणा हाणला.

मामांनी तोंड वाकडं करत सालीसकट सफरचंद संपवलं. हळूहळू बैठक अशी जमली, की मामीच करवादल्या, "अहो, आता जेवायला तरी उठा!"