आगीची नाव आणि बुडालेली चावडी

शिरड शहापूरहून बस, पुढं काळीपिवळी आणि शेवटी नाव, अशी माझी नोकरीची वाट होती. धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या गावात मी अकरा वर्षं शिकवलं. रस्त्यानं जायचं तर पाण्याला मोठा वळसा पडायचा, नावेनं अर्धा तास.

नाव सागाच्या फळ्यांची होती, नावाड्याच्या वडिलांनी बांधवून घेतलेली. नावाड्याला सगळे मामा म्हणत, मीही म्हणायची. धरण भरलं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं माळावर येऊन राहिली. मामा तेव्हा लहान होते. दरवर्षी उन्हाळ्यात ते नाव पालथी घालून फटींत सुतळी ठोसायचे, वर डांबर फासायचे. तरी ती पाझरायचीच. पाय ठेवायच्या फळीखाली एक डबा कायम असायचा. ज्याच्या पायाला ओल लागेल त्यानं पाणी उपसायचं, मग तो सरपंच असो की मास्तरीण.

या नावेचा बंब कसा झाला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्या नोकरीचा दुसरा उन्हाळा असेल. समोरच्या काठावरच्या गावात कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. हिंगोलीहून आग विझवायची गाडी निघाली होती, पण वळसा घालून यायला तिला वेळ लागणारच होता. आमच्या काठावर माणसं हात बांधून धुराकडं बघत उभी होती. मामा एकदम म्हणाले, "पाणी हाय, नाव हाय, इंजन हाय. मग काहून नुसतं बघून राहिलो आपण?"

हळदीला पाणी देणारं एक डिझेल इंजन काठावरच होतं. सहा जणांनी ते उचलून नावेत ठेवलं. पलीकडं जाऊन एक पाइप पाण्यात सोडला, दुसरा गंजीकडं धरला. निम्मा कडबा वाचला. तेव्हापासून शिमगा झाला की इंजन नावेत चढायचं आणि पाऊस लागल्यावरच उतरायचं. कुणीतरी नावेचं टोक तांबड्या रंगानं रंगवलं. "बंब आला का?" असं माणसं आमच्या त्या गळक्या नावेबद्दल विचारायला लागली. काठाजवळचे गोठे, गंजी, एकदा तर एक अख्खं खळं तिनं वाचवलं. काठापासून लांबच्या आगीपुढं मात्र तिचं काही चालायचं नाही. पाइपच पुरायचा नाही.

ती फुटली तो दिवस एप्रिलमधला. सकाळची शाळा सुटली होती आणि मी नाव सुटायची वाट बघत काठावर थांबले होते. त्या वर्षी पाणी फार खाली गेलं होतं. पलीकडं हळद शिजवायच्या भट्टीची ठिणगी उडाली आणि शेजारची गंज पेटली. गंज एका विधवा बाईची होती. दोन म्हशी आणि तेवढा कडबा, यावरच तिचं घर चालायचं.

नाव वळवायचं मागचं वल्हं धरणारा माणूस लग्नाला गेला होता. मामांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, धरता का? रोज तर धरताच."

रोज मी काठाजवळच, गंमत म्हणून धरायची; मध्यावर ते मामा घ्यायचे. तरी म्हटलं, "धरते, मामा."

मामा आणि आणखी एक जण पुढं वल्ही मारत होते. मी धुरावर नजर ठेवून नावेचं नाक सरळ तिकडं केलं. मामा नेहमी मध्येच डावीकडं वळायचे, पण का वळायचे ते मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, ती त्यांची सवय असेल.

"डावीकडं! बाई, डावीकडं!" मामा ओरडले, तेवढ्यात खालून करकर आवाज आला. नाव दगडावर चढली आणि इंजनाच्या वजनानं मधोमध उलली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. आम्ही ज्यावर उभे होतो ती बुडालेल्या गावातली चावडी होती. तिच्या ओट्यावर उभं राहून आम्ही ती गंज जळताना पाहिली. शेवटी पलीकडची माणसं टायरच्या ट्यूबा घेऊन आम्हाला न्यायला आली. म्हशी त्या बाईनं दावी कापून आधीच सोडल्या होत्या. कडबा मात्र सगळा गेला.

संध्याकाळी त्या गावच्या पारावर माणसं जमली. मामा म्हणाले, "नाव माझी, चूकबी माझीच." मला खाली बसून राहवेना. मी उठले आणि सांगितलं, "वल्हं माझ्या हातात होतं. मामा ओरडले, मी वेळेत वळले नाही."

मग ती विधवा बाईच म्हणाली, "बाई, तुमी माझी गंज इझवायलाच निघाला होता न्हाई का? बसा खाली."

दुसऱ्या दिवसापासून घराघरातून कडब्याच्या पेंढ्या तिच्या अंगणात येऊन पडायला लागल्या. ते सांगायला गावात कुणाला जावं लागलं नाही.

मी मात्र मामांसमोर जायला कचरत होते. चार-पाच दिवसांनी तेच शाळेत आले. "चला, तुमाला गाव दाखवतो." पाणी आणखी उतरलं होतं. गाळातून चालत त्यांनी मला एकेक जागा दाखवली. ही चावडी, ही आडाची कडा, हे आमच्या घराचं जोतं. वडिलांनी त्यांना नावेत बसवून हे सगळं पाठ करून घेतलं होतं.

"मला का नाही कधी सांगितलंत?" मी विचारलं.

त्यांनी पायानं जोत्यावरचा गाळ सारला. मग म्हणाले, "मला वाटलं, आता हे माझ्याबिगर कुणाला लागतंय? तिथंच चुकलं. तुमी डावीकडं कशाला वळणार? तुमाला काय ठाऊक, खाली माझं गाव हाय म्हनून?"

नाव चावडीवरच अडकून होती, दोन तुकडे होऊन. इंजन काढून, सुकवून त्यांनी तिसऱ्या दिवशीच चालू केलं होतं. फळ्या बऱ्या होत्या तेवढ्या सोडवल्या आणि त्या बाईच्या गोठ्याला दार करून दिलं. उरलेला सांगाडा तसाच राहू दिला. सरपणाला कुणी मागितला तर म्हणायचे, "आगीवर जाणारी नाव चुलीत घालता व्हय?"

पाऊस येण्याआधी आम्ही दोघांनी आणि सातवीच्या वर्गानं मिळून प्रत्येक धोक्याच्या जोत्यावर उंच बांबू रोवला आणि टोकाला पत्र्याचा डबा बांधला. मामा जागा सांगायचे, मी वहीत नकाशा काढायची. त्या नकाशाची एक मोठी प्रत शाळेच्या भिंतीवर लावली. आता तिथं फायबरची नाव चालते. तिच्या नव्या नावाड्यानं पहिल्या दिवशी त्या भिंतीसमोर तासभर उभं राहून सगळं गाव पाठ केलं, आणि मामा शेजारच्या बाकावर बसून त्याच्या चुका काढत होते.